मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन आम्हाला घाबरवून जातं. कधी मधुमेहवाला डॉक्टर, कधी मृत्युपत्रवाला वकील. यंदा श्रावणात माझ्या नातीचा नंबर लागला. प्राची पुण्यात कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचं काम करते. सुट्टीला अमरावतीत आली होती, आणि आमच्या सेक्रेटरींनी तिला सोडलं नाही. विषय होता मालवेअर. तिनं फळ्यावर तो शब्द लिहिला मात्र, आमच्या गिरधरभाऊंनी हात वर केला. त्यांचं सारं आयुष्य कापसाच्या दलालीत गेलेलं. ते म्हणाले, "बाई, माल कोन्ता, अन् ठेवला कुठी हाये?"

पोरगी हसली नाही, हे तिचं कौतुक. तिनं शांतपणे सांगितलं की मालवेअर म्हणजे वाईट हेतूनं लिहिलेला प्रोग्रॅम. तो तुमच्या यंत्रात शिरतो आणि तुमच्याच यंत्राकडून तुमचं वाटोळं करून घेतो. मग तिनं त्याच्या जाती सांगायला सुरुवात केली. व्हायरस, वर्म, ट्रोजन, स्पायवेअर, असं बरंच. अर्धी मंडळी डुलक्या घेत होती, पण माझे कान उभे राहिले. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "प्राची, हे सगळे माझ्या ओळखीचे आहेत." तिला वाटलं आबांचं वय झालं. मग मी बोलायला लागलो, आणि रात्रीच्या भाकरी तव्यावर करपल्या, आणि सूनबाई म्हणाली, इतकं बोलता तर एकदा लिहूनच काढा. म्हणून हा खटाटोप.

मी तारखात्यात सिग्नलर होतो. लोक तारबाबू म्हणायचे. एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकात अकोल्याला लागलो, पुढे साठ उलटल्यावर लगेच बदलून आमच्या अमरावतीला आलो. आजच्या पोरांना तार म्हणजे काटेरी तार वाटते, तर थोडक्यात सांगतो. गिऱ्हाईक खिडकीशी येऊन फॉर्मवर मजकूर लिहायचं. आम्ही शब्द मोजायचो आणि पितळी खटका दाबून तो मजकूर कट्ट-कडकट्ट करत तारेवरून पाठवायचो. पलीकडच्या गावात एक यंत्र तसंच कडकडायचं, तिथला बाबू नुसत्या आवाजावरून अक्षरं ओळखून कागदावर उतरवायचा, आणि तारवाला सायकलवर टांग मारून ते घरी पोचवायचा. माणसाच्या अक्षरासारखं खटक्यालाही वळण असतं. त्याला आम्ही 'हात' म्हणायचो. पलीकडे कोण बसलंय ते दोन शब्दांत कळायचं. कोणाचं बायकोशी भांडण झालंय तेसुद्धा कळायचं.

तर प्राचीचं स्पायवेअर. ते म्हणे यंत्रात गुपचूप बसून राहतं, काही मोडत नाही, काही तोडत नाही, फक्त ऐकतं आणि ऐकलेलं मालकाला पोचवतं. असं स्पायवेअर अकोल्यात आमच्या खिडकीखालच्या बाकावर बसायचं. पांढरं धोतर, काळी टोपी, तोंडात सुपारी. आम्ही त्यांना बापूजी म्हणायचो. कापसाच्या हंगामात रोज सकाळी येऊन बसायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा माणूस, घरी सुनेशी पटत नसेल. आम्ही आमच्यातला चहासुद्धा द्यायचो. आणि त्याच हंगामात बोंब उठली की मुंबईच्या भावाची तार व्यापाऱ्याच्या हाती पडायच्या आतच बाजारात भाव फुटलेला असतो. आमच्यावर संशय. साहेबांनी एकेकाला बोलावून झाडलं. मी तर रडकुंडीला आलो होतो.

एका सकाळी मी मुंबईची तार घेत होतो. आकडा आला, मी मोठ्यानं पुटपुटत 'सात' लिहिलं. तर खिडकीबाहेरून आवाज, "बाबू, सात नाही, नऊ." मी मान वर केली. बापूजींनी जीभ चावली. म्हातारा कुठल्याशा रेल्वेत जन्मभर तारबाबू होता. बाहेर बसून आमच्या यंत्राचा आवाज कानानं वाचत होता आणि एका दलालाला भाव पुरवत होता. पकडला गेला तो केवळ चुकीचा आकडा ऐकून त्याला राहवलं नाही म्हणून. आम्ही बाक हलवला, खिडकी बंद केली, आणि पुढचा सगळा उन्हाळा आतल्या आत उकडून निघालो. खरं सांगू, मला नंतर त्यांची आठवण यायची. असा कान मी पुन्हा पाहिला नाही.

व्हायरसचं वेगळं. तो एकटा फिरत नाही. तो एखाद्या चांगल्या फाइलला चिकटतो, आणि ती फाइल कोणी उघडली की जागा होऊन दुसऱ्या फाइलींना लागतो. आमच्याकडे एका कापूस व्यापाऱ्याचे दिवाणजी होते. मालकाची तार रोज मुंबईला जायची, ती घेऊन ते यायचे. त्यांचा मेहुणा पांडू मुंबईत त्याच पेढीवर कामाला. दिवाणजींनी मालकाच्या मजकुराच्या शेपटीला आपले दोन शब्द चिकटवायला सुरुवात केली. कधी 'पांडू लिहा', कधी 'बाळ चालतो'. मुंबईच्या मुनीमजींनी ते पाहिलं, त्यांनाही सोय कळली, त्यांनीही उलट तारेला शेपूट लावलं. बघता बघता अकोल्यातले आणखी दिवाणजी लागले त्या नादाला. आम्हाला काय, मजकूर गिऱ्हाइकाचा. आणि एक दिवस तारेच्या शेवटी गेलं, 'खोकला बरा'. आता व्यापारी लोक भावासाठी खुणेचे शब्द वापरत. मुंबईच्या शेठला वाटलं, ही नवीन खूण, भाव चढणार. त्यानं दिवसभर कापसाच्या गाठी खरेदी केल्या. दिवाणजींचा खोकला बरा झाला, पण नोकरी गेली.

वर्मला म्हणे चिकटायलाही कोणी लागत नाही. तो स्वतःच्या प्रती काढत काढत एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, आणि त्या गर्दीनंच सगळं ठप्प होतं. हे ऐकल्याबरोबर मला आमच्या पोस्टाच्या बाजूचा तुकाराम आठवला, टपालाच्या वाटण्या करणारा. एकदा देवाच्या नावाची पोस्टकार्डं सुरू झाली. 'हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहा. लिहिलीत तर लाभ, फाडलंत तर घराचा नाश.' तुम्ही म्हणाल, लोक खुळे. पाहा ना तुम्ही फाडून. बायकोला ताप आला की आठवतंच ते कार्ड. तुकाराम बिचारा सकाळपासून कार्डांच्या ढिगात बसायचा आणि खरी पत्रं, मनिऑर्डरी त्या ढिगाखाली पडून राहायच्या. साहेबांनी भिंतीवर नोटीस लावली की असल्या अंधश्रद्धेला बळी पडू नये. त्याच आठवड्यात तुकारामच्या हाती अकरा कार्डं एकगठ्ठा लागली, आणि अक्षर साहेबांचं. त्यानं ती निमूटपणे शिक्का मारून रवाना केली.

एक जात मात्र आमच्याकडे नव्हती, हे कबूल करतो. रॅन्समवेअर. तुमच्याच फाइलींना कुलूप घालायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. आमच्याकडे फार झालं तर कपाटाची किल्ली खिशात घालून हेडक्लार्क मेहुणीच्या लग्नाला कारंजाला गेले होते. पण त्यांनी खंडणी मागितली नाही, उलट लाडू आणले.

आता ट्रोजन. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

प्राचीनं कुठल्याशा लाकडी घोड्याची गोष्ट सांगितली, पोटात सैनिक लपवलेले. म्हणाली, ट्रोजन दार फोडत नाही. वरून तो तुमच्या कामाचा, तुमच्या जिव्हाळ्याचा दिसतो, म्हणून तुम्हीच दार उघडता. तारखात्यातला कोणताही माणूस तुम्हाला आमचा ट्रोजन पाठ म्हणून दाखवेल. 'मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.' नोकरीवाल्याला रजा पाहिजे, साहेब तार पाहिल्याशिवाय देत नाही, तर गावाकडून मागव एक मदर सिरियस. पोरगा मुंबईत रमला, घरी येत नाही, पाठव मदर सिरियस. पलटणीतल्या जवानाचं लग्न ठरवलंय, पाठव. अकोल्यात मी असताना इतक्या आया आजारी पडायच्या की परक्या माणसाला वाटावं वऱ्हाडात बायांमध्ये कसली साथ आली आहे. आम्ही हसायचो. तार घेता घेता म्हणायचो, घ्या, आणखी एक मदर गेली.

माझं हसणं बंद केलं ते वत्सलानं.

अकोल्याला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात ती मास्तरीण व्हायला शिकत होती. गाव तिवस्याजवळचं. एके दिवशी खिडकीशी आली, माझ्यासमोर तार ठेवली, आणि म्हणाली, "हा तार कोनं पाठवला ते सांगता येते का?" तार मीच घेतलेली होती. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. मी सांगितलं, बाई, पाठवणाऱ्याचा फॉर्म त्या गावच्या ऑफिसात राहतो, आणि कोणाच्या तारेत काय होतं ते आम्ही कोणाला बोलायचं नाही अशी आमची शपथ असते. पण तुझी तार तुझीच आहे, ती तू वाच की नीट. वरची ओळ कोणी वाचतच नाही. तिथं तार कुठल्या ऑफिसात टाकली त्या गावाचं नाव असतं.

तिनं वाचलं. चांदूर रेल्वे. तिचा चेहरा असा झाला की मी स्टूल पुढं सरकवलं. चांदूर रेल्वेला तिचा मामा राहायचा.

मग तिनं सांगितलं ते असं. आदल्या वर्षी ऐन परीक्षेत अशीच तार आली होती. ती पेपर सोडून धावत सुटली, मोटार बदलत गावी पोचली, तर माय दारात बसून तूर पाखडत होती. पोरीला पाहून मायच दचकली. आत मामा पाहुणे घेऊन बसलेला, पोरगी दाखवायला. पोरगी आणखी शिकली तर जोडीचा पोरगा भेटणार नाही, असा मामाचा हिशेब. वत्सलानं लग्नाला नकार दिला, बापानंही तिची बाजू घेतली. त्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. भिंतीवरचे देव उतरवले होते आणि त्या खुंटीवर पोरीचं सातवीचं सर्टिफिकेट काच लावून टांगलं होतं. असलं घर काही पोरीला शाळेतून काढणार नव्हतं. पण वर्ष वाया गेलं ते गेलंच. आणि आता परीक्षा तोंडावर आली, तर पुन्हा तोच डाव.

मला भयंकर राग आला. मी तिला म्हणालो, हे बघ, तुझ्या घरची खरी तार तिवस्याहून येईल. वरची ओळ पाहायची. तिवसा असेल तर निघायचं, दुसरं कोणतंही गाव असेल तर फाडून टाकायची आणि पुस्तक उघडायचं. तिनं मान डोलावली. उठताना म्हणाली, "आता माय खरंच बिमार असली तरी मी जानार नाई." रागाच्या भरात बोलली पोरगी. पण मला ते बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू. एका तरी माणसाला शहाणं करून सोडलं असं वाटलं. ती परीक्षेला बसली, पास झाली. ते मला तिनंच येऊन सांगितलं, पेढा दिला, आणि पुढच्या वर्षात गेली.

मग माझी बदली अमरावतीला झाली.

त्या थंडीत एका सकाळी खिडकीशी एक माणूस आला. डोक्याला मफलर, हातात पितळी डबा, डोळे जागरणानं लाल. म्हणाला, तार करायचा हाये. बायको सरकारी दवाखान्यात आहे, तिवस्याहून बैलगाडीत घालून आणली, आणि आता डॉक्टर म्हणते जवळची माणसं बोलावून घ्या. पोरगी अकोल्याला शिकते. मी फॉर्म ओढला, खाली त्याचं नाव लिहिलं, सुदाम, आणि पोरीचं नाव-पत्ता विचारला. त्यानं वत्सला सांगितलं, आणि कॉलेजाचं नाव सांगितलं. माझा हात थांबला.

तुमच्या लक्षात आलं असेल. बाई दवाखान्यात अमरावतीला, म्हणून तार अमरावतीहून जाणार. वरच्या ओळीत अमरावती लिहून येणार, तिवसा नाही. आणि मीच त्या पोरीला शिकवून ठेवलं होतं की दुसरं गाव दिसलं की फाडायची. प्राची सांगते की त्यांच्या धंद्यातही असं होतं, जास्त सावध केलेलं यंत्र खरं टपालसुद्धा विषारी समजून बाहेर फेकतं. मला तेव्हा असलं काही नाव माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ही पोरगी येणार नाही, आणि हिची आई वाट पाहून मरेल.

तिवस्याला जाऊन तार टाका म्हणावं, तर या माणसानं बायकोला सोडून इतक्या लांब जायचं कसं. वसतिगृहात टेलिफोन नाही. आणि अकोल्याच्या खिडकीशी त्या पोरीनं काय सांगितलं, तिला कोणती तार आली होती, हे याला बोलायचं नाही, ती शपथ. मी सवयीनं फॉर्मवर लिहायला लागलो. सुदामजींनी विचारलं, काय लिहिलं. मी वाचून दाखवलं, "मदर सिरियस..."

त्यांनी माझा हात धरला. सरकारी माणसाचा हात धरतोय याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"मदर नोको लिहू, बाबू. मदर तं दर साली बिमार पडते. माय लिहा."

मी समजावलं. सुदामजी, तार इंग्रजी अक्षरात जाते. एम, ए, वाय लिहिलं तर त्याचं इंग्रजीत 'मे' होतं, मे महिना. पलीकडच्या बाबूला वाटेल चूक झाली. मदर म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते ऐकून घेत होते, पण मान हलवायला तयार नव्हते. मायला मदर म्हणणारं आमच्या घरात कोणी नाही, म्हणाले. पोरगी माय म्हणते, माय लिहिलं तर तिला कळेल की तार घरच्यांनी सांगून लिहिलाय. मामा तार करतो तेव्हा चांदूरच्या कोण्या शिकलेल्या माणसाकडून लिहून घेतो, तो मदर लिहितो. तारेत काय आलं होतं ते मी सांगायची गरजच नव्हती. त्यांना सगळं ठाऊक होतं.

हे ऐकून प्राची म्हणाली, आबा, हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करून फसवतात, म्हणून आम्ही लोकांना सांगतो की घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. सुदामजींनी काही ठरवलेलं नव्हतं. त्यांना नुसतं माहीत होतं की आपल्या घरात कोण कोणाला काय म्हणतं.

मी खोडलं आणि लिहिलं, 'माय सिरियस अमरावती हॉस्पिटल कम, सुदाम.' आणि लगेच मला मुकुंदराव आठवले.

मुकुंदराव अकोल्याच्या यंत्रावर बसायचे. माझे सीनियर, सज्जन माणूस, पण इंग्रजीचा भारी अभिमान. लोकांच्या तारेतलं इंग्रजी सुधारल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. कोणी 'सन बॉर्न' मध्ये स्पेलिंग चुकवलं की हे दुरुस्त करून उतरवायचे आणि वर म्हणायचे, खात्याची इज्जत आहे. कितीतरी तारा त्यांनी अशा सुधारल्या असतील, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आज त्यांनी माय सुधारून मदर केलं की संपलं.

मी स्वतः खटक्यावर बसलो. पलीकडे मुकुंदरावच होते, हात ओळखला मी. पत्ता गेला. माय गेलं, आणि त्यांनी मला मधेच तोडलं. विचारलं, मदर का? मी पुन्हा पाठवलं, एम, ए, वाय. त्यांचं उत्तर आलं, मे महिना अजून लांब आहे. थट्टेत होते. तारेवर गप्पा मारायला बंदी, पण मी त्या दिवशी बोटांनी भांडलो. गिऱ्हाइकाचा शब्द आहे, जसाच्या तसा द्या, एक अक्षर बदलू नका. शेवटी तो शब्द रिवाजाप्रमाणे पुन्हा एकदा पाठवला, एम, ए, वाय. मग पलीकडून नुसती पोच आली, तार मिळाली म्हणून.

पण कागदावर त्यांनी काय उतरवलं? तारेतून दिसत थोडंच होतं. मिळाली म्हणजे मिळाली, माय मिळाली का मदर, ते अकोल्यात. सुदामजी बाहेर उभे होते, त्यांना मी सांगितलं, गेली तार. ते डबा घेऊन दवाखान्याकडे गेले.

तो दिवस माझा कसा गेला ते मलाच माहीत. दोनदा शब्द मोजायला चुकलो. अकोल्याहून बडनेऱ्याला गाडी दुपारी होती, तिथून अमरावती. ड्यूटी संपल्यावर घरी जायचं सोडून मी सायकल दवाखान्याकडे वळवली. नोकरीत हजारो तारा दिल्या-घेतल्या, कोणत्या तारेचं पुढे काय झालं ते पाहायला मी कधी गेलो नव्हतो. जायचंच नसतं. गेलो तर रोज रडावं लागेल.

सुदामजी बायांच्या वॉर्डाच्या पायऱ्यांवर बसले होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, नाई आली. मी शेजारी बसलो. त्यांनी विडी पुढं केली, मी ओढत नव्हतो तरी घेतली. उन्हं उतरत होती, टांगे येत-जात होते, आणि दर टांग्याला आम्ही दोघंही मान उचलत होतो. शेवटी मी म्हणालो, आता उशीर झाला, गाडी येऊन गेली असेल. ते म्हणाले, "येईन ते पोरगी." एवढंच.

वत्सलाच्या आई पुढं फार दिवस राहिल्या नाहीत, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी विचारणार नाही. वत्सला मास्तरीण झाली, तिवस्याकडच्याच शाळांतून शिकवलं तिनं. मामाशी सगळ्या घरानं बोलणं सोडलं.

ती फाटकातून आली ती चालतच. बडनेऱ्याहून टांगा मिळाला नव्हता, कापसाच्या बैलगाडीवर बसून गावाच्या नाक्यापर्यंत आली होती. केसात कापसाचे पुंजके. माझ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. बापाकडे पाहिलं, बापानं वॉर्डाकडे हात केला, आणि ती पायऱ्या चढली. मी दारापर्यंत मागं गेलो. पुरुषांना आत जायला बंदी होती, म्हणून तिथंच थांबलो.

खाटेवर बाई अंथरुणाला चिकटलेल्या. डोळे मिटलेले. वत्सला जवळ गेली, हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, पोरीला ओळखलं, आणि मला वाटलं आता रडतील. तर त्या चिडल्या. आवाज निघत नव्हता, पण चिडल्या.

"परीक्षा सोडून काहून आली? तुले किती डाव सांगतलं, माहा तार आला तं येत नोको जाऊ म्हनून."

पोरीनं आईचा हात हातात घेतला. म्हणाली, "परीक्षेले टाइम हाये. अन् तारात मदर नव्हती. माय होती."

मुकुंदरावांनी बदललं नव्हतं. आत बाई पोरीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. पोरगी फसून आलेली नाही, खरोखर आपल्यासाठी आली आहे, आणि खरोखर आली आहे म्हणजे आपलं काय आहे, ते सगळं त्यांना त्याच वेळी कळलं.

"मंग बस," त्या म्हणाल्या, आणि पोरीला जागा व्हावी म्हणून पाय कसेबसे ओढून घेतले.